हॉपच्या चार कुंड्या

माझ्या बायकोच्या हाताला गुण होता. हे मी नव्हे, मखमलाबाद रस्त्यावरच्या सगळ्या मळ्यांतली माणसं म्हणायची. कुणाला भोपळ्याचं बी टोचायचं असलं, कारल्याचा मांडव घालायचा असला, की सकाळीच निरोप यायचा, "सूनबाईला जरा पाठवा, पहिलं बी तिच्या हातचं पडू द्या." ती पदर खोचून जायची, चार बिया टोचायची आणि येताना ओच्यात काहीतरी घेऊन यायची. कधी दोन वांगी, कधी नुसती ओल्या हळदीची बोटं. पुढं तिला कुणी बोलावेनासं झालं, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती. आपला हातगुण गेला असं तिला वाटत होतं. तो गेला नव्हता. मी घालवला होता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मी फार बोलणारा माणूस नाही. माळ्याला बोलावं लागत नाही, झाडं काही विचारत नाहीत. पण वीस वर्षं एक गोष्ट पोटात धरून बसलो, ती आता लिहून टाकतो.

सन तीस-एकतीसच्या सुमाराची गोष्ट. आमचा गुलाबाचा मळा होता. फुलं पंचवटीत देवाला जायची, कलमं कुंड्यांतून देवळालीच्या साहेबलोकांकडं. जुन्या नाशकात एका मुसलमान भट्टीवाल्याकडं मी दर आठवड्याला राख आणायला जायचो, गुलाबाला घालायला. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणायचो. त्यांच्या भट्टीतून रोज पहाटे दोन टोपल्या पाव टांग्यानं देवळालीच्या छावणीतल्या दवाखान्यात जायचा. त्याचा त्यांना फार अभिमान. "बिमार माणूस माझा पाव खातो," म्हणायचे, "बराच होतो, बेटा. मरतो तो डॉक्टरच्या दवेनं."

पण उन्हाळा आला की चाचांचा चेहरा उतरायचा. पाव फुगायला खमीर लागतं. ते घडाभर करून ठेवायचं आणि रोज थोडं थोडं वापरायचं. चैत्र-वैशाखात ते एका दिवसात आंबून जायचं, पाव आंबट व्हायचा, आणि दवाखान्यातून टोपली परत यायची. इतर भट्टीवाले सरळ शिंदी ओतायचे. चाचा शिंदीला हात लावत नसत. त्यांच्या खमिरात एक विलायती फूल उकळून घालायचं असे, हॉप नावाचं. साहेबलोक ते बिअरमध्ये घालतात म्हणे, पण ते कडू फूल खमिरालाही आंबू देत नाही. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "चाचा, शिंदी चालत नाही आणि दारूचं फूल चालतं?" तर म्हणाले, "फुलानं काय गुन्हा केला? गुन्हा पिणाऱ्याचा." ते फूल मुंबईहून डब्यात यायचं, तेही जुनं, वास उडालेलं.

त्या दवाखान्यात एक वयस्कर मेट्रन होती, नर्सबायांची मुख्य. तिला चाचांचा पाव आवडायचा. विलायतेहून, रजेवरून परत येताना तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, ओल्या शेवाळात गुंडाळून, हॉपची चार मुळं आणली आणि चाचांना दिली. चाचा तो डबा छातीशी धरून टांग्यातून थेट माझ्या मळ्यात आले.

"बेटा, गुलाब तर कुणीही लावतो. हे जगवून दाखव."

मेट्रननं सांगितलेलं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. सकाळचं ऊन भरपूर, दुपारचं नको. कुंडी खोल. हिवाळ्यात वेल वरून वाळेल, घाबरू नका, मुळात जीव असतो. आणि मूळ कधी कोरडं पडू देऊ नका. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

माघात मी चार खोल कुंड्या भरल्या. चैत्र लागेपर्यंत हातभर वेल आले, खरखरीत, गाईच्या जिभेसारखे अंगाला चिकटणारे. मी सुतळ्या बांधल्या आणि घेवड्याचे वेल गुंडाळतो तसे शेंडे सुतळीला गुंडाळले. संध्याकाळी बघतो तर सगळे सुटून लोंबतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंडाळले, पुन्हा सुटले. बायको पाणी शेंदत होती. ती आली, उकिडवी बसली, बराच वेळ बघत राहिली.

"अहो, तुम्ही उलटं फिरवताय."

"वेल का कुठं उलटा-सुलटा असतो?"

"हा असतो. हा प्रदक्षिणा घालतो." तिनं बोटानं हवेत फेरा दाखवला, देवळाभोवती घालतो तसा, आणि शेंडा त्या बाजूनं गुंडाळला. दुसऱ्या सकाळी तो सुतळीला धरून वीतभर वर चढला होता. तिला एवढा आनंद झाला की तिनं आईला हाताला धरून दाखवायला आणलं. आई म्हणाली, "म्लेंच्छांचा वेल, आन् परदक्षिना घालतोय. कलियुग म्हनत्यात ते ह्येच."

वैशाखात पानांच्या कडा जळायला लागल्या. कुंडी बाहेरून हात भाजेल इतकी तापायची. मी गोणपाट बांधलं, ओलं करत राहिलो, पण तासाभरात ते वाळायचं. तेव्हा तिनंच सुचवलं की माठ जसा ओल्या वाळूत बसवतो तशी कुंडी मोठ्या रांजणात बसवायची, मधे वाळू भरायची आणि पाणी वाळूला द्यायचं. चार फुटके रांजण तिनं कुंभाराकडून मागून आणले. वरून तुरीच्या काड्यांची ताटी, दुपारपुरती. आठ दिवसांत वेलांनी नवी पानं धरली.

चाचा आले. रांजणात हात घालून वाळूचा गारवा बघितला आणि म्हणाले, "वा बेटा, काय डोकं चालवलंस!" ती तिथंच उभी होती, पदर पुढं ओढून. मी म्हणालो, "सुचलं आपलं." रात्री जेवताना ती म्हणाली, "चाचा खूश झाले, नाही?" तिला खरंच बरं वाटलं होतं. ही चोरी तशी लहानच, पण तिथूनच सुरुवात झाली म्हणून सांगितली.

भाद्रपदात पहिली फुलं आली. फुलं कसली, फिक्या हिरव्या कागदाचे झुबके. चोळले की बोटांना पिवळी धूळ चिकटायची आणि कडूजहर वास यायचा. पहिल्या वर्षी दोन ओंजळी निघाल्या. सावलीत वाळवून चाचांनी डब्यात ठेवल्या आणि पुढच्या वैशाखात, ऐन उन्हाच्या आठवड्यात वापरल्या. आपल्या फुलांचा पहिला पाव त्यांनी फडक्यात बांधून आणला. आईनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. "पाव खाऊन गावंच्या गावं बाटली, तुला ठाव नाय का?" मग आम्ही दोघांनी विहिरीच्या मागं बसून, चहात बुडवून तो खाल्ला. ती म्हणाली, "आंबट नाहीये हो." आणि मग हसत, तोंड पुसत, "आता बाटलो बरं का आपण." तिचं ते हसणं मला अजून दिसतं. आमच्या संसारात त्याच्याइतका हलका दिवस मला दुसरा आठवत नाही.

दुसऱ्या वर्षी वेल मांडवाच्या वर गेले. भाद्रपदात टोपलीभर फुलं निघाली. चाचांनी ती नखानं मोडून बघितली, वास घेतला, डोळे मिटले.

"यात अर्धा उन्हाळा निघेल, बेटा."

मी म्हणालो, "उरलेला अर्धा मी काढून देतो."

"आता कुठून? मेट्रन बोलली, वर्षाला एकदाच."

"ती मेट्रन आहे, चाचा. मी माळी आहे."

आता हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडं पावसाळा संपला की आश्विनात गुलाबाला ताण देतात. पाणी तोडायचं, बुंध्याजवळची माती काढायची, मुळं आठ दिवस उन्हाला उघडी ठेवायची, मग खत-माती घालून भरपूर पाणी द्यायचं. झाडाला वाटतं आता आपण मरतो, आणि ते जीव खाऊन फुलतं. संत्र्याला करतात, लिंबाला करतात. माझ्या वडिलांनी केलं, आजोबांनी केलं. ज्याला ताण देता येतो तो माळी, अशी आमच्यात व्याख्याच होती. मला वाटलं, हॉपलाही ताण दिला तर नाताळापर्यंत दुसरा बहार येईल. 'मूळ कोरडं पडू देऊ नका' हे मला आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. मला वाटलं, थंड देशातल्या बाईला काय कळतं.

एका कुंडीवर करून बघायचं, तीन ठेवायच्या, एवढी अक्कलही मला राहिली नाही. चारही कुंड्यांचं पाणी तोडलं आणि मुळं उघडी केली.

बायको तेव्हा दसऱ्यासाठी माहेरी, विंचूरला गेली होती. ती असती तर तिनं विचारलं असतं. ती नव्हती हे माझ्या पथ्यावरच पडलं.

त्या वर्षी आश्विनातलं ऊन फार कडक पडलं. सहाव्या दिवशी पानं मलूल झाली. मला वाटलं, ताण बसला, छान. आठव्या दिवशी मी मुळं चाचपली तर ती सुरकुतून सुंठेसारखी झाली होती. घाईनं खत-माती घातली, पाणी दिलं, वरून माती थापून पूर्वीसारखी केली. कुणाला कळू नये अशी केली, हेही लिहितो. आई तर त्या कुंड्यांकडं फिरकतच नसे.

दोन दिवसांनी बायको परत आली. आल्या आल्या कुंड्यांकडं गेली. "अहो, ही अशी का मलूल झालीत?"

"उन्हानं. होतील ताजी."

दुसऱ्या दिवशी ती बाहेरची झाली. आमच्याकडं त्या चार दिवसांत बाईनं गोठ्याशेजारच्या छपरात बसायचं, आणि पाणी, तुळस, फुलझाड कशालाही शिवायचं नाही असा दंडक होता. छपरातून त्या कुंड्या समोर दिसायच्या. मी फुलं घेऊन पंचवटीत गेलो होतो, आई एका तेराव्याला. भर दुपारी वेल माना टाकून लोंबत होते. तिला बघवलं नाही. ती उठली, पोहऱ्यानं पाणी शेंदलं आणि चारही कुंड्यांना घातलं.

संध्याकाळी मी आलो तेव्हा तिनं लांबूनच सांगितलं, "मी पाणी घातलं. मला राहवलं नाही. चुकलं का हो?"

मी म्हणालो, "बघू."

फक्त एवढंच म्हणालो. 'नाही' म्हणायला एकच शब्द लागला असता.

तिसऱ्या दिवशी चारही वेल काळे पडले. आईनं विचारलं, कुंड्यांत पाणी कुणी घातलं? तिनं आपण होऊन सांगितलं. खोटं बोलायचं तिला सुचायचं नाही. आईनं कपाळावर हात मारला. "अगं, पापडावर सावली पडली तर पापड लाल व्हत्यात, आन् तू मुळावर पानी घातलंस? लय गुनाचा हात म्हनत व्हते लोक! दाखवला गुन!" मी तिथंच बसून सुतळीची गाठ सोडवत होतो. ती गाठ काही सुटत नव्हती, म्हणून मी वर बघितलं नाही.

दोन दिवसांनी चाचा आले. वेल बघून ते आधी हसलेच. "हिवाळ्याआधीच झोपले वाटतं." मेट्रननं सांगितलं होतं ना, वर वाळला तरी मुळात जीव असतो. म्हणून त्यांनी बाही सारली आणि कुंडीत कोपरापर्यंत हात घातला. मूळ काढलं, वाकवलं. ते कट्कन मोडलं. मोडलेली कड त्यांनी अंगठ्यानं दाबली, नाकाशी धरली. वर्षानुवर्षं भट्टीपुढं बसलेला माणूस तो, कोरडं आणि कुजकं यांतला फरक त्याला कुणी शिकवायला नको होता.

"हे सडलं नाही, बेटा," ते हळूच म्हणाले, "हे वाळलंय." आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "घरात विटाळ झाला, चाचा. तिनं शिवलं."

हे मी हळू म्हणालो नाही. ती तेव्हा न्हाऊन घरात आली होती, दाराच्या आत तांदूळ निवडत होती. तांदळाचा आवाज थांबला.

चाचांनी मुळाचे दोन्ही तुकडे कुंडीत ठेवले, हात लुंगीला पुसले आणि दाराकडं तोंड करून म्हणाले, "बेटी, दिल पे मत लेना. झाड आहे. जातं." जाताना त्यांनी मला राम राम केला नाही. त्यानंतर माझ्या मळ्यात ते कधी आले नाहीत. राख मात्र मला मिळत राहिली, नोकराच्या हातून.

पुढचा उन्हाळा अर्धाच निघाला. वैशाखाच्या मध्यावर पाव आंबला. ती मेट्रन बदलून गेली होती, दुसरी मुळं आणायला कुणी नव्हतं. दवाखान्याचा पाव दुसऱ्या भट्टीतून यायला लागला. चाचांनी टांगा बंद केला आणि शहरापुरती खारी-नानकटाई करत राहिले.

आणि ती. तिला कुणी मळ्यात येऊ नको म्हटलं नाही, आईनंसुद्धा नंतर म्हटलं नाही. ती आपणहूनच येईनाशी झाली. शेजारून निरोप आला तर म्हणायची, "पाठ दुखतेय." आईनं गोष्ट चार घरी सांगितली होतीच, मग निरोपही थांबले. स्वयंपाक, धुणं, भांडी सगळं पूर्वीसारखं, पण लोणच्याची बरणी उघडताना ती मला हाक मारायची. "तुम्ही काढा." एवढ्या धडधाकट बाईनं बरणीपुढं हात मागं धरून उभं राहायचं. आणि हे त्या चार दिवसांत नव्हे हो, बाराही महिने.

मला सांगता आलं असतं. रोज आलं असतं. आधी वाटलं, थोडं निवळू दे. मग वाटलं, आता निवळलंय, कशाला ढवळा. खरं एवढंच की आईसमोर आणि चाचांसमोर मला चुकलेला माळी व्हायचं नव्हतं.

सात-आठ वर्षं गेली. आई वारली. आमची मुलगी सहा वर्षांची झाली होती. तिनं शाळेतून झेंडूचं बी आणलं आणि आईला म्हणाली, "चल, आपण लावू." ती म्हणाली, "तू लाव बाळ. मी इथून बघते. माझा हात नको." आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. मुलगी खड्डा करत होती, मधूनच वळून बघत होती, आईला काय झालं हे तिला कळत नव्हतं. माझ्यानं ते बघवलं नाही. त्या दुपारी मुलगी झोपल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ताण दिला ते, मुळं उघडी ठेवली ते, माती थापली ते. तू आलीस तेव्हाच ती मेलेली होती, तू नुसतं मेलेल्याला पाणी पाजलंस, असंही म्हणालो.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग हसली. इतक्या वर्षांनी मला ती तशी हसताना दिसली आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

ती म्हणाली, "अहो, तुम्ही किती चांगले आहात."

"अगं, खरं सांगतोय मी."

"सांगताय हो. मुलीसमोर मी लांब उभी राहिले, ते तुम्हांला लागलं. मला कळत नाही का?" तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "पण माझ्यासाठी खोटं कशाला बोलता? मी तुमच्यादेखत पाणी घातल्याचं कबूल केलंय. आणि तुमच्यासारखा माळी मुळं उघडी टाकेल? चाचांनी दोनदा सांगून?"

मी आणखी एकदा म्हणालो, "मीच मारली ती." ती म्हणाली, "बरं, तुम्ही मारली," आणि चहा ठेवायला उठली. लहान पोराची समजूत घालावी तसं म्हणाली. पुढं तिनं माहेरच्यांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, की आमच्या यांनी इतक्या वर्षांनी माझा दोष स्वतःवर घेतला, असा माणूस मिळायला भाग्य लागतं. बायका माझ्याकडं आदरानं बघायला लागल्या. मी ते बघणं चालू दिलं. मला ते आवडलं, हे लिहिताना हात थांबतो, पण आवडलं.

दोन वर्षांनी ती विषमज्वरानं गेली. शेवटच्या आठवड्यात मुलीनं तुळशीचं पान आणून तिच्या हातात दिलं, तर तिनं ते घेतलं नाही, नुसतं तोंड उघडलं. मुलीनं ते जिभेवर ठेवलं.

तिचे दिवस झाल्यावर मी भट्टीवर गेलो. चाचा म्हातारे झाले होते, खाटेवर बसून नानकटाईचं पीठ कसं मळलंय ते दुरून बघत होते. त्यांनी मला जवळ बसवलं. मग त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंस कधी?"

काय ते त्यांनी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

"सांगितलं, चाचा. तिला पटलं नाही. तिला वाटलं, मी तिची समजूत घालतोय."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मला बोलवायचंस, बेटा. मूळ माझ्या हातात मोडलं होतं. माझं ऐकलं असतं तिनं."

मी म्हणालो, "सुचलं नाही, चाचा."

हेही खोटंच होतं. मला सुचलं होतं. त्या दोन वर्षांत चार-पाचदा तरी सुचलं होतं.